लायब्ररी टाकण्याआधी ब्राउझरकडे बघा: चादरीच्या दुकानाचं पेज, पहिल्यापासून

वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्याला पहिलं खरं काम बहुधा ओळखीतूनच मिळतं. सोलापुरात ते चादर-टॉवेलच्या दुकानाचं असेल, शेंगदाणा चटणी आणि कडक भाकरी बाहेरगावी पाठवणाऱ्या एखाद्या मावशींचं असेल, नाहीतर शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्याचं. मागणी साधी असते: मालाचे फोटो, भाव, चौकशीचा फॉर्म आणि व्हॉट्सॲपवर पाठवता येईल अशी लिंक. एवढ्यासाठी नवीन मुलं मोठं फ्रेमवर्क घेतात. मग पॉपअपला एक लायब्ररी, फोटोंना दुसरी, रकमेत स्वल्पविराम टाकायला तिसरी. पेज उघडायला वेळ लागतो आणि सहा महिन्यांनी त्यातलं काय कशासाठी होतं हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

यातली बरीचशी कामं आज ब्राउझर स्वतःच करतो. फुकट करतो, आणि बहुतेक वेळा आपण लिहिलेल्या कोडपेक्षा नीट करतो. म्हणून सोलापूरच्या चाटी गल्लीतलं एक काल्पनिक चादरीचं दुकान धरून आपण त्याचं पेज बांधू. एचटीएमएल, सीएसएस आणि थोडी जावास्क्रिप्ट येते एवढं गृहीत धरलं आहे. टॅगची आणि प्रॉपर्टीची नावं इथे देवनागरीत आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायची.

आधी बैठक नीट मांडा

एक एडिटर, एक ब्राउझर आणि एक लोकल सर्व्हर. व्हीएस कोड वापरत असाल तर लाइव्ह सर्व्हर नावाचं एक्स्टेन्शन टाका. फाइलवर डबल क्लिक करून पेज उघडू नका. तसं उघडल्यावर जावास्क्रिप्टची मॉड्यूल्स चालत नाहीत आणि नवशिका तासभर आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो. पत्त्यात लोकलहोस्ट दिसलं पाहिजे.

मोबाइलवर तपासण्याचाही एक पेच आहे. लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर असले की लॅपटॉपचा आयपी पत्ता फोनमध्ये टाकून पेज उघडतं, पण शेअर करणं, क्लिपबोर्डवर कॉपी करणं, सर्व्हिस वर्कर (नेटशिवाय पेज उघडून देणारी स्क्रिप्ट) अशा सोयी तिथे मिळत नाहीत. त्या फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवरच सुरू होतात, असा ब्राउझरचा सुरक्षेचा नियम आहे. त्यावर उपाय असा: अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा, लॅपटॉपच्या क्रोममध्ये इन्स्पेक्टचं पान उघडून पोर्ट फॉरवर्डिंग लावा. आता फोनमधलं लोकलहोस्ट म्हणजे तुमचा लॅपटॉप. फोनवर पेज उघडा, लॅपटॉपवर त्याचे डेव्हटूल्स, म्हणजे ब्राउझरमधली तपासणीची साधनं, बघा.

फीचर वापरायचं की थांबायचं, हे कसं ठरवायचं

इंटरनेटवर २०१५-१६ मधले सल्ले अजून फिरतात. 'हे सगळ्या ब्राउझरमध्ये चालत नाही' हे वाक्य त्यातल्या कितीतरी गोष्टींना आज लागू नाही. इंटरनेट एक्स्प्लोररचा आधार मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला काढून घेतला. तेव्हा आधी ताजी माहिती बघायची सवय लावा.

एमडीएन या वेब तंत्रांची माहिती देणाऱ्या साइटवर कुठल्याही फीचरच्या पानावर वरच बेसलाइनची खूण दिसते. एखादी गोष्ट क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या चारही ठिकाणी पोचली की ती 'न्यूली अव्हेलेबल' होते. त्यानंतर ३० महिने, म्हणजे अडीच वर्षं गेली की 'वाइडली अव्हेलेबल'. दुसरी खूण असली तर निर्धास्त वापरा.

पहिली खूण असली तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: जुन्या फोनवर हे चाललं नाही तर गिऱ्हाइकाचं काम अडेल का? नुसतं पेज थोडं साधं दिसणार असेल तर आजच वापरा. ऑर्डर देणंच अडणार असेल तर थांबा किंवा दुसरी वाट ठेवा. पुढची प्रत्येक पायरी या एका प्रश्नावर घासून बघायची आहे.

जुना फोन म्हणजे नेमका कोणता, हेही कळायला हवं. अँड्रॉइडवर क्रोम प्ले स्टोअरमधून वेगळा अपडेट होतो, त्यामुळे फोन थोडा जुना असला तरी ब्राउझर बऱ्यापैकी नवा असू शकतो. आयफोनचं तसं नाही. आपल्याकडे आयफोनवर क्रोम टाकला तरी आतलं इंजिन सफारीचंच असतं आणि ते आयओएसबरोबरच पुढे सरकतं. ज्या आयफोनला नवं आयओएस मिळणं थांबलं, त्याचा ब्राउझरही तिथेच थांबला.

सांगाडा: भाषा विसरू नका

एचटीएमएल टॅगला लँग ॲट्रिब्यूट द्या आणि त्यात मराठीचा 'एमआर' कोड टाका. आवाजात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी उच्चार निवडतं ते यावरूनच. आपल्या शहरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकू येते. दुकानदाराला पेजवर तेलुगूत दोन ओळी हव्या असतील तर त्या परिच्छेदाला वेगळा लँग द्या, 'टीई'. उर्दूचा भाग असेल तर 'यूआर' आणि शिवाय डिर ॲट्रिब्यूटमध्ये 'आरटीएल'.

इथेच एक चांगली सवय लावून घ्या. सीएसएसमध्ये मार्जिन-लेफ्ट लिहिण्याऐवजी मार्जिन-इनलाइन-स्टार्ट लिहा. म्हणजे मराठीत डावीकडे येणारी जागा उर्दूत आपोआप उजवीकडे जाते. दोन स्टाइलशीट सांभाळायचं काम वाचतं.

प्रश्नोत्तरं आणि पॉपअप

'चादर पहिल्यांदा धुताना रंग जातो का?', 'बाहेरगावी पाठवता का?' असे चार-पाच प्रश्न प्रत्येक दुकानाला येतातच. ते डिटेल्स आणि समरी या दोन टॅगमध्ये टाका. उघडणं-मिटणं ब्राउझर बघतो, जावास्क्रिप्टची एक ओळही लागत नाही. एक उघडल्यावर आधीचं मिटावं असं वाटत असेल तर सगळ्या डिटेल्सना सारखंच नेम द्या. ही सोय नंतर आलेली आहे, पण जुन्या ब्राउझरमध्ये फार तर दोन उत्तरं एकदम उघडी राहतील. कुणाचं काही अडत नाही.

फोटो मोठा करून दाखवण्यासाठी डायलॉग टॅग घ्या. मार्च २०२२ पासून तो सगळ्या मुख्य ब्राउझरमध्ये आहे. बटणाच्या क्लिकवर त्याची शोमोडल ही मेथड बोलवा. एवढं केलं की मागचं पेज निष्क्रिय होतं, कीबोर्डचा फोकस आत येतो, एस्केपने खिडकी मिटते, आणि ती सगळ्यांच्या वरच्या थरात उघडते. झेड-इंडेक्सला ९९९९ देत बसायची गरजच उरत नाही. हातानं लिहिलेल्या पॉपअपमध्ये फोकस सांभाळण्याचं काम जवळजवळ प्रत्येक जण अर्धवट सोडतो, म्हणून मला हा टॅग फार मोलाचा वाटतो.

एक मात्र बघा: फोनवर एस्केपची कळ नसते. आत 'बंद करा' असं ठळक बटण द्या. ते मेथड 'डायलॉग' असलेल्या फॉर्ममध्ये ठेवलं तर बंद करायलाही जावास्क्रिप्ट लागत नाही.

फॉर्म: इथे वेळ द्या

दुकानदाराच्या दृष्टीने पेजचा जीव फॉर्ममध्ये आहे, आणि नवशिके नेमकं इथेच भरभर उरकतात.

मोबाइल नंबरच्या इनपुटला टाइप 'टेल' द्या, म्हणजे फोनवर थेट आकड्यांचा कीपॅड उघडतो. नाव, पत्ता, नंबर या तिन्हींना योग्य ऑटोकम्प्लीट दिलं तर साठवलेली माहिती ब्राउझर स्वतः सुचवतो. पिनकोडला टाइप 'नंबर' देऊ नका. पिनकोडची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही, उलट कडेला वर-खाली बाण येतात आणि माउसच्या चाकाने आकडा बदलायची भीती राहते. टाइप 'टेक्स्ट', इनपुटमोड 'न्यूमेरिक' आणि पॅटर्नमध्ये सहा अंकांची अट, एवढं पुरे.

आता खास आपली अडचण. मराठी कीबोर्डवर टाइप करणारा माणूस पिनकोड ४१३००१ असा देवनागरी अंकांत लिहू शकतो. त्याने काहीच चूक केलेली नाही, पण शून्य ते नऊ या इंग्रजी अंकांवर बेतलेला पॅटर्न तो नाकारतो. जावास्क्रिप्टलाही देवनागरी अंक संख्या म्हणून कळत नाहीत. नंबर फंक्शनला दिले तर उत्तर 'नॅन', म्हणजे 'संख्या नाही', असं येतं. म्हणून इनपुट इव्हेंटवर एक छोटं फंक्शन लावा. प्रत्येक देवनागरी अंकाच्या कॅरेक्टर कोडमधून २४०६ वजा केले की तो अंक मिळतो, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, ० चा क्रमांक २४०६ आहे आणि ९ पर्यंतचे ओळीने पुढे आहेत. तीन-चार ओळींचं काम आहे. ते केलं नाही तर मराठी पेजवर मराठीत लिहिणाऱ्यालाच आपण परत पाठवतो.

चूक दाखवणारा संदेश ब्राउझर त्याच्या स्वतःच्या भाषेत दाखवतो, बहुतेक फोनवर इंग्रजीत. तो मराठीत हवा तर सेट-कस्टम-व्हॅलिडिटी वापरा: 'पिनकोड सहा आकडी असतो, पुन्हा बघा'. चूक सुधारल्यावर तिथे रिकामी स्ट्रिंग द्यायला विसरू नका, नाहीतर बरोबर भरलेला फॉर्मही पुढे जात नाही. रंगाने चूक दाखवायची तर इनव्हॅलिड ऐवजी युजर-इनव्हॅलिड हा सिलेक्टर घ्या. इनव्हॅलिडमुळे पेज उघडताच सक्तीच्या रिकाम्या चौकटी लाल दिसतात आणि माणूस काही लिहिण्याआधीच चुकल्यासारखा होतो. युजर-इनव्हॅलिड माणसाने चौकटीत हात घातल्यानंतरच लागू होतो.

आणि हे सगळं करूनही सर्व्हरवर माहिती पुन्हा तपासावीच लागते. ब्राउझरमधली तपासणी गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी आहे, सुरक्षेसाठी नाही.

समजा, दुकान टॉवेलवर नाव भरून देतं आणि मर्यादा आठ अक्षरांची आहे. सरळ मॅक्सलेंग्थ आठ टाकाल, तर 'सिद्धेश्वर' लिहिणाऱ्याचं नाव 'सिद्धेश्' वर अडकेल. वाचणाऱ्याला त्यात चार अक्षरं दिसतात: सि, द्धे, श्व, र. पण ब्राउझर वेलांटी, मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजतो, आणि तसे ते दहा होतात. माणसासारखं मोजायला इंटल-सेगमेंटर आहे. त्याला मराठी भाषा आणि 'ग्राफीम' सांगितलं की तो अक्षरांचे गट पाडून देतो. नव्या ब्राउझरमध्ये उत्तर चार येतं. जुन्यात जोडाक्षरं तुटून सहाही येऊ शकतं, कारण भारतीय लिप्यांची जोडाक्षरं एकत्र धरण्याचा नियम युनिकोडच्या २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीत आला. त्यामुळे मोजणी दाखवा, पण तिच्या जोरावर फॉर्म अडवू नका. शेवटची खात्री भरतकाम करणारा माणूस करेल.

भाव आणि तारखा

रकमेत स्वल्पविराम टाकायला लायब्ररी नको. इंटल-नंबरफॉरमॅटला 'एमआर-आयएन' हे लोकेल, म्हणजे भाषा आणि देशाचा कोड, द्या आणि ₹ चं चिन्ह पुढे आपणच लावा. १२५००० चं १,२५,००० होऊन येतं, लाखाच्या हिशोबाने आणि देवनागरी अंकांत. तेलुगू किंवा कन्नड वाचणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी अंक इंग्रजी ठेवायचे असतील तर त्याच लोकेलला 'यू-एनयू-लॅटएन' ही शेपटी जोडा. गट लाखाचेच राहतात, फक्त अंक बदलतात. तारखेला इंटल-डेटटाइमफॉरमॅट आहे, महिन्याचं नाव मराठीत मिळतं. दोन्ही कितीतरी वर्षांपासून सगळीकडे आहेत.

फोटो

चादरीच्या फोटोत विणीची नक्षी दिसली पाहिजे, म्हणून दुकानदार मोठाले फोटो देतो. प्रत्येक फोटो एव्हीआयएफ आणि वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्येही करून घ्या. पिक्चर टॅगमध्ये आधी एव्हीआयएफ, मग वेबपी आणि शेवटी साधा जेपेग ठेवा. ब्राउझर वरून खाली बघत जातो आणि जे कळतं ते उचलतो. प्रत्येक इमेजला विड्थ आणि हाइट लिहा, म्हणजे फोटो येईपर्यंत तेवढी जागा राखली जाते आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही.

खालच्या फोटोंना लोडिंग 'लेझी' द्या. पेज उघडताच वर दिसणाऱ्या मोठ्या फोटोला मात्र ते देऊ नका, उलट फेचप्रायॉरिटी 'हाय' द्या. सरसकट सगळ्यांना लेझी लावलेली पेजेस मी नेहमी बघते. तिथे पहिलाच फोटो उशिरा येतो आणि दुकान बंद असल्यासारखं वाटतं.

मांडणी

मालाच्या कार्डांसाठी सीएसएस ग्रिड घ्या. २०१७ पासून तो आहे. कॉलमच्या प्रॉपर्टीत रिपीट, ऑटो-फिल आणि मिनमॅक्स लिहून 'प्रत्येक कार्ड किमान १४ रेम, जागा असेल तर जास्त' एवढं सांगितलं की फोनवर एक, टॅबवर दोन-तीन, लॅपटॉपवर त्याहून जास्त कार्डं आपोआप बसतात. एकही मीडिया क्वेरी लागत नाही.

तेच कार्ड दुसऱ्या पानावर अरुंद पट्टीत वापरायचं असेल तर कंटेनर क्वेरी कामाला येते. ती स्क्रीनची रुंदी बघत नाही, कार्डाला मिळालेली जागा बघते. बाहेरच्या डब्याला कंटेनर-टाइप 'इनलाइन-साइझ' द्या आणि नियम आतल्या कार्डावर लिहा. नवशिक्यांचं अडतं ते इथेच: ज्या डब्याला कंटेनर केलं, त्याच डब्याची स्टाइल त्याच्याच रुंदीवरून बदलता येत नाही. बाहेर एक वेष्टन हवंच.

आत काय आहे ते बघून बाहेरच्या घटकाला स्टाइल देणारा हॅज हा सिलेक्टर फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ ला आला आणि मग तो सगळीकडे झाला. आपल्या फॉर्ममध्ये 'टॉवेलवर नाव हवं' असा चेकबॉक्स आहे. त्यावर टिक केली तरच नावाची चौकट दिसावी. हॅजने हे नुसत्या सीएसएसमध्ये होतं. पण मघाचा प्रश्न इथे विचारा. आपण चौकट आधीच लपवून ठेवली आणि ब्राउझरला हॅज कळलाच नाही, तर ती कधीच दिसणार नाही. म्हणून लपवण्याचा नियमसुद्धा ॲट-सपोर्ट्सच्या (ब्राउझरला अमुक फीचर कळतं का, हे विचारणारा सीएसएस नियम) कंसात टाका, अट हॅजची. जुन्या ब्राउझरला तो कंसच कळत नाही किंवा अट खोटी ठरते, चौकट उघडीच राहते आणि गिऱ्हाइकाचं काम होतं. नवी सोय जोडायची असेल तेव्हा हीच पद्धत.

देवनागरीसाठी दोन-तीन गोष्टी सीएसएसमध्ये जपा. लेटर-स्पेसिंग देऊ नका, शिरोरेघ तुटते आणि शब्द विस्कटतो. इंग्रजी टेम्प्लेट उचललं असेल तर त्यातल्या मथळ्यांवर हे हमखास असतं, ते शोधून काढा. लाइन-हाइट १.६ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडतात. मथळ्याला टेक्स्ट-रॅप 'बॅलन्स' दिलं की एकच शब्द दुसऱ्या ओळीत एकटा पडत नाही. न चालल्यास मथळा नेहमीसारखा दिसतो, म्हणजे नुकसान शून्य.

शेअरचं बटण

नेव्हिगेटर-शेअर ही मेथड फोनची स्वतःची शेअर करायची पट्टी उघडते, त्यात व्हॉट्सॲप असतंच. ती क्लिकच्या आतूनच बोलवावी लागते. पेज उघडल्याबरोबर आपणहून उघडता येत नाही. माणसाने पट्टी उघडून पाठवायचं रद्द केलं तर प्रॉमिस 'अबॉर्टएरर' देऊन नाकारलं जातं. ती चूक नव्हे, त्यावर लाल संदेश दाखवू नका, गप्प राहा.

बटण एचटीएमएलमध्ये आधी लपवलेलं ठेवा, आणि नेव्हिगेटरमध्ये शेअर आहे असं जावास्क्रिप्टने बघितल्यावरच दाखवा. ब्राउझरचं नाव बघून निर्णय घेऊ नका, फीचर आहे का तेच विचारा.

सर्व्हिस वर्कर वापरून पेज नेटशिवाय उघडता येतं. पण पहिल्याच कामात त्याला हात लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जुनी प्रत साठून राहिली तर दुकानदाराने बदललेला भाव गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि ते भांडण काउंटरवर होतं.

देण्याआधी तपासणी

डेव्हटूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये वेग कमी करून पेज उघडा. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत उभं राहून कोणी ते उघडेल, असं समजा. मग जावास्क्रिप्ट बंद करून बघा: फोटो, भाव आणि फॉर्म जागेवर असले पाहिजेत. माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबच्या कळीने फॉर्म भरा. फोनमध्ये अक्षरं दुप्पट मोठी करा. दुकानदाराचे वडील तशीच वापरत असतील. अँड्रॉइडवर टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) चालू करून भाव मराठीत वाचला जातो का ते ऐका.

शेवटी लिंक व्हॉट्सॲपवर पाठवून तिथून उघडा आणि इन्स्टाग्रामवरूनही उघडा. इन्स्टाग्राम पेज स्वतःच्या आतल्या खिडकीत उघडतं, आणि अँड्रॉइडवरच्या अशा वेबव्ह्यूमध्ये नेव्हिगेटर-शेअर नसतं. तुमची तपासणी बरोबर असेल तर शेअरचं बटण तिथे दिसणार नाही. त्या गिऱ्हाइकांसाठी जवळच 'लिंक कॉपी करा' हे साधं बटण ठेवा. आणि कॉपीही झाली नाही, तरी दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर त्याच्या खालीच असू दे, बोटाने दाबला की फोन लागेल अशा टेल लिंकमध्ये.